न्याहारीनंतरचे दोन तास

इंद्रायणीबाईंचं पत्र येऊन पंधरवडा होत आला, तरी चांगदेवांनी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं.

पत्र साधंच होतं. रेघांच्या कागदावर, मोठ्या गोल अक्षरात लिहिलेलं. 'फोनवर तुम्ही नुसतं हं-हं करता, म्हणून लिहिते. माझा मुलगा सूरज मला कायमची चाकणला न्यायचं म्हणतो. आणे गावातलं घर बंद करू म्हणतो. दसऱ्यापर्यंत त्याला सांगायचं आहे. जाऊ का राहू, हे मी तुम्हालाच का विचारते ते तुम्हाला कळतं. राहिले तर एकटीनं राहायची नाही. तुमच्या मनात असेल ते लिहा. काही नसेल तर तसं लिहा. पण लिहा.'

चांगदेवांनी सारं आयुष्य मंचरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्या-घेण्यात काढलं होतं. निवृत्त होऊन अवसरी बुद्रुकच्या घरी ते एकटेच राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी पुण्यात संसारात होती. रोज रात्री ते कागद घेऊन बसत, 'स. न. वि. वि.' लिहीत, आणि पुढे... पुढे पेन अडायचं.

ओळख झाली ती पौषात. नारायणगावच्या दवाखान्यात.

शुगरच्या तपासणीची रीत अशी, की सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग न्याहारी करायची, आणि बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. दवाखान्यात रक्त घेणारी झेबा प्रत्येकाला तेच बजावायची. "काका, रोज खाता तसंच खा. पहिल्या घासापासून दोन तास. उशीर झाला तर रिपोर्टला काही अर्थ नाही."

चांगदेव समोरच्या कडुनिंबाच्या पारावर येऊन बसले. थंडी चांगलीच होती. त्यांनी पिशवीतून टोस्टचा पुडा काढला. तेवढ्यात शेजारी एका बाईंनी फडकं सोडलं, आणि बाजरीच्या भाकरीचा, मेथीचा, लसणाचा वास आला. चांगदेवांनी मान दुसरीकडे वळवली. नाक काही वळेना.

"पावणं, ह्ये काय खाताय?" बाई म्हणाल्या. "आजारी हाय का?"

"शुगर आहे."

"ती हितं समद्यांनाच हाय. म्हनून टोस्ट?"

"शुगर-फ्री आहेत," चांगदेव हळूच म्हणाले. "भाकरी-भात बंद केलाय मी. कार्बोहायड्रेट असतात त्यात. पुस्तकात वाचलं."

"आन् टोस्टात काय असतं?"

चांगदेवांनी पुड्याकडे पाहिलं. पुढच्या बाजूला मोठ्या हिरव्या अक्षरांत 'शुगर-फ्री' होतं.

"मागं वाचा की. बारीक लिवल्यालं."

त्यांनी चष्मा सारखा केला. "मैदा..." त्यांचा आवाज खाली गेला. "पहिलंच नाव मैद्याचं आहे."

"पुस्तकं बी अशीच वाचता व्हय? नुसतं कव्हर?"

ग्रंथालयात केस पांढरे झालेल्या माणसाला असं कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बाईंनी मात्र तोवर भाकरीचे दोन तुकडे केले होते. त्यांनी एक चांगदेवांपुढे धरला. वर मटकीची उसळ होती.

"टोस्ट बी पिठाचा आन् भाकरी बी पिठाची," त्या म्हणाल्या. "पन टोस्टाचा कोंडा काढून टाकल्याला. पोटात गेला की लगीच त्याची साखर व्हती, आन् समदी एकदम रगतात. भाकरी कोंड्यासकट. वर उसळ, भाजी. तिला पचाया येळ लागतो, साखर सावकाश उतरती. डॉक्टरनं मला चित्र काढून दावलं व्हतं. खावा."

चांगदेवांनी खाल्ली. अजून कोमट होती. घास चावताना त्यांना एकदम आठवलं, की जेवणाला चव असते.

"अजून..." ते चाचरले.

"न्हाई. अर्धीच. चांगली म्हनून चार खाल्ल्या तर त्याची बी साखरच व्हनार."

मग बाईंनी चहा मागवला. बिनसाखरेचा. आणि पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढला.

चांगदेवांना राहवेना. आणि बोलवेही ना. शेवटी ते कपाकडे बघत म्हणाले, "गूळ... म्हणजे... रक्तात गेल्यावर तोही साखरच. जवळजवळ तितकीच."

"कुनी सांगितलं?"

"पुस्तकात आहे." ते थांबले. "कव्हरवर नाही. आतल्या पानावर."

बाई आधी त्यांच्याकडे बघतच राहिल्या, आणि मग इतक्या मोठ्यानं हसल्या, की कडुनिंबावरचे कावळे उडाले. खडा पुन्हा गाठीत गेला. चांगदेवांना वाटलं, आपण कुणाला तरी हसवलं. आपण!

दोन तासांनी झेबानं सुई टोचताना विचारलं, "काका, काय खाल्लं?"

"भाकरी," ते म्हणाले. "दुसऱ्यांची."

दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी तोंडाला पदर लावला. झेबानं दोघांकडे पाहिलं, आणि दोघांच्याही कार्डांवर पुढची तारीख एकच घातली.

पुढच्या वेळी वैशाखाचं ऊन होतं. इंद्रायणीबाईंनी आंबा आणला होता.

"हे चालतं?" चांगदेवांनी घाबरत विचारलं.

"आमरसाची वाटी आन् पुऱ्यांची चळत चालत न्हाई. दोन फोडी चालत्यात. चावून. न्याहारीतली भाकरी तेवढी कमी करायची." त्यांनी फोडी कापल्या, वाटणी केली. शेवटी कोय उरली. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"कोय तुम्ही घ्या," चांगदेव म्हणाले.

"पुस्तकात कोयीचं काय लिवलंय?"

"कोयीबद्दल... पुस्तक गप्प आहे."

"मंग आमी बी गप ऱ्हातो," असं म्हणून इंद्रायणीबाईंनी कोय तोंडाला लावली. मनगटावरून रसाचा एक ओघळ खाली आला. चांगदेव समोरच्या मेडिकलच्या पाटीवरचं प्रत्येक अक्षर लक्षपूर्वक वाचू लागले.

त्याच दिवशी त्यांनी कबूल केलं, की भाकरी खायला हवी हे पटलंय, पण करता येत नाही. म्हणून टोस्ट. त्या संध्याकाळी त्यांच्या फोनची रिंग वाजली.

"फोन वट्यावर ठिवा. मोठा आवाज करा. पानी गरम केलं का?"

"हं."

"एका भाकरीपुरतंच पीठ घ्या. समदं एकदम भिजवू नका."

"हं."

"नुसतं हं म्हनू नका, तळव्यानं मळा. कान द्या. पीठ हाताला चिकटायचं थांबलं का?"

"ह... हो."

"आता थापा. हात फिरवायचा न्हाई. हाताखाली भाकरी फिरली पायजे."

पहिली भाकरी कडेनं फाटली, हजार वेळा वाचून पानं सुटलेल्या पुस्तकासारखी. दुसरी तव्यावर दुमडली. इंद्रायणीबाई पलीकडून तव्याचा आवाज ऐकत होत्या, आणि अधूनमधून स्वतःशीच हसत होत्या. मग रोज संध्याकाळी फोन येऊ लागला. पीठ मळून झालं तरी तो बंद होत नसे. आण्याच्या पठारावर वारं कसं सुटलंय, बाजरी किती वर आलीय, हे त्या सांगत. चांगदेव 'हं' म्हणत. त्या 'हं'मध्ये किती काय असे... पण ते फोनमधून पलीकडे जात नसे.

श्रावणात चांगदेव नारायणगावला उतरले तेव्हा बुरबुर पाऊस होता. पार ओला झाला होता, म्हणून दोघं चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली बाकावर बसली. बाक तोकडं होतं. चांगदेवांनी पिशवीतून डबा काढला आणि पुढे केला. आत एक भाकरी होती. गोल. चांगली पापुद्रा सुटलेली.

"तुमी केली?"

"हं."

"आन् तुमाला?"

त्यांनी हॉटेलातला पुडा दाखवला. "साबुदाण्याची खिचडी. सोमवार आहे ना. उपासाला हलकं..."

"हलकं?" इंद्रायणीबाईंनी कपाळाला हात लावला. "अवो, साबुदाना म्हंजी कंदाची नुसती पिठी. त्यात ना कोंडा, ना डाळ. मैद्याचा सख्खा भाऊ त्यो! त्यापरीस मूठभर शेंगदानं खावा, ताक प्या. त्यो पुडा मिटा." त्यांनी भाकरी मोडली. अर्धी चांगदेवांच्या हातावर ठेवली. "देवाला काय सांगायचं ते मी सांगते."

त्यांनी घास घेतला. चांगदेव निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मीठ जास्त झालंय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सावकाश दुसरा घास मोडला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. "लगीन झाल्यापास्नं दुसऱ्यानं केल्याली भाकरी आयती हातात आली न्हाई माज्या. आज आली."

चांगदेवांचा हात बाकावरच होता. इंद्रायणीबाईंचाही. मध्ये चार बोटांचं अंतर उरलं होतं. कुणीच हात काढला नाही... कुणीच पुढेही नेला नाही.

"आमचं मालक लई गोडखाऊ," त्या पावसाकडे बघत म्हणाल्या. "साखर निघाली तरी सोडलं न्हाई. ताटात जिलेबी, वर भात. मला बी तवा काय कळत व्हतं? मागितलं की वाढायची. आदी पाय गेला, मंग मानूस गेलं. चार वर्सं अंथरुनात केलं त्यांचं. लई दमले बगा."

तो एकच शब्द चांगदेव अवसरीला घेऊन आले. दमले.

म्हणून पत्राला उत्तर जात नव्हतं, आणि पत्र आल्यापासून संध्याकाळचा फोनही आला नव्हता. नको म्हणावं, तर ते खोटं झालं असतं. हो म्हणावं, तर एका दमलेल्या बाईच्या गळ्यात पुन्हा एक शुगरवाला बांधल्यासारखं होईल. आपल्याजवळ आहे काय? चष्मा, गोळ्या, कपाटभर जुनी पुस्तकं. ते कागद फाडून टाकत. समोर भेट होईल तेव्हा बोलू, असं स्वतःला सांगत. नवरात्रात तारीख होतीच.

त्या सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. दवाखान्यात रांगेतला प्रत्येक चेहरा पाहिला.

"काकू कालच येऊन गेल्या," झेबा सुई टोचता टोचता म्हणाली. "फाईल घेऊन गेल्या. आता चाकणलाच दाखवणार म्हणे. तुमच्याबद्दल विचारत होत्या."

"काय विचारलं?"

"म्हणाल्या, अवसरीचा पोस्टमन संपावर हाय का? मला काही समजलं नाही, काका. तुम्हाला समजलं?"

चांगदेव दंडावरचा कापूस दाबत बाहेर पडले. पारावर जाऊन बसले. ऊन छान पडलं होतं, देवीच्या मांडवातून सनई ऐकू येत होती. त्यांनी डबा उघडला. पहाटे उठून थापलेली भाकरी, घेवड्याची भाजी. सवयीनं त्यांनी भाकरी मोडली, अर्धी बाजूला ठेवली, आणि अर्धी सावकाश खाल्ली.

बाजूला ठेवलेली अर्धी तशीच राहिली.

ते तिच्याकडे बघत बसले. इतके दिवस ते एकच चित्र बघत होते. आपण अंथरुणात, आणि इंद्रायणीबाई उशाशी. ते चित्र उलटही असू शकतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. शुगर तर इंद्रायणीबाईंनाही होती. त्यांच्या उशाशी कोण होतं?

चांगदेव उठले. पोस्ट ऑफिसात गेले. पाकीट घेतलं, तिकीट लावलं, आणि लोक मनीऑर्डरी लिहितात त्या उंच टेबलाशी उभ्यानंच लिहायला लागले. 'स. न. वि. वि.' लिहिलं नाही.

'इंद्रायणी,

जाऊ नका.

मी आजारी पडणार नाही, असं वचन मला देता येत नाही. तुम्ही दमलात असं म्हणाला होतात, म्हणून पंधरा दिवस लिहायला धजलो नाही. पण आज जेवताना कळलं, की मी फक्त माझ्याच आजारपणाचा विचार करत होतो. तुम्हाला कधी बरं नसलं, तर उठून भाकरी करून देणारं कुणीतरी हवं. ती आता मला येते. भात-चपाती येत नाही, तुम्ही शिकवाल तशी शिकेन.

आण्यात राहायचं की अवसरीत, ते तुम्ही ठरवा. सूरजशी बोलायला मी येतो. फोनवर नाही, समोर बसून. मला बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तरी येतो.

मनात काय आहे ते लिहा म्हणालात. तुम्ही आहात.

चांगदेव'

शेवटची ओळ त्यांनी पुन्हा वाचली. खोडावी का? पेन कागदावर टेकलंसुद्धा. तेवढ्यात खिशात फोन वाजला.

"काका, कुठं आहात?" झेबा ओरडत होती. "दोन तास होऊन वर पंधरा मिनिटं झाली! तुम्ही तर कधी एक मिनिट चुकत नाही. सगळी टेस्ट वाया गेली ना!"

"जाऊ दे," चांगदेव म्हणाले. "पुन्हा करू."

त्यांनी ओळ तशीच ठेवली, पाकीट चिकटवून वर आण्याचा पत्ता घातला, बाहेर येऊन लाल पेटीच्या तोंडात मनगटापर्यंत हात घातला, आणि सोडून दिलं.