बोक्याचा पाय अडकला तेव्हा

समोरचं शिखर गाठायचं, एवढंच ठरवून आम्ही तिघं निघालो होतो. मी, बोका आणि फोरमनकाका. काकांच्या गॅरेजात आम्ही दोघं काम शिकत होतो. शाळेनं नारळ दिलेली कार्टी! घरच्यांनीही आमच्यावर पाणी सोडलं होतं. काका मात्र म्हणाले, “चला, सुट्टीच्या दिवशी गल्लीत उंडारण्यापेक्षा डोंगर चढू.”

दुपारपर्यंत सगळं मजेत चाललं. मग कड्याच्या कपारीवर आलो. वाट जेमतेम एका पावलाएवढी, खाली दरी. तिघांच्या कमरेला एकच दोर. बोका पुढे, मी मधे, काका मागे. अर्ध्यात पोहोचलो आणि धुकं उतरलं. आपलाच हात दिसेना!

बोका थांबला.

“बोक्या, जमतंय का?” काकांनी विचारलं.

“जमतंय!”

गॅरेजात हेच उत्तर द्यायची रीत. बोट चेमटलं तरी ‘जमतंय’. पण माझ्या हातातला दोर थरथरत होता. बोका कापत होता! माझीही तीच गत. तरी मीसुद्धा ‘जमतंय’च म्हणालो.

काका मग म्हणाले, “पोरांनो, मी घाबरलोय. पार टरकलीय माझी. आता तुमचं खरं काय ते सांगा.”

एवढा मोठा माणूस असं बोलतो? आम्ही जन्मात ऐकलं नव्हतं.

“काका, पाय अडकलाय!” बोका रडायलाच लागला. “फटीत. निघत नाही. दगड हलतोय!”

“शाब्बास, सांगितलंस ते बरं केलंस. दोर मी खडकाला गुंडाळलाय. मधल्या, तू बस खाली. सरक. त्याच्या बुटाची नाडी सोड.”

मी सरकलो. बोटं बधिर झाली होती. गाठ सुटेना. दातांनी ओढली. सुटली!

“बूट गेला उडत! पाय खेच!” काका म्हणाले.

बोक्यानं पाय खेचला. दगड निखळला! बोका घसरला! दोराचा हिसका बसला, मी पालथा पडलो. मागून काका ओरडले, पण दोर सुटला नाही. मी बोक्याची कॉलर धरली आणि जीव खाऊन ओढली. तो वर आला. दगड खाली आपटल्याचा आवाज मात्र किती तरी वेळानं आला.

आम्ही बसल्या बसल्याच मागे सरकत रुंद वाटेवर पोहोचलो. काकांचे तळवे सोलवटले होते. तेवढ्यात धुकं फाटलं. शिखर अगदी हाकेच्या अंतरावर!

“काका, माझ्यामुळे राहिलं,” बोका म्हणाला.

“गाढवा, तुझ्या आईला काय शिखर नेऊन देऊ? चल खाली.”

काकांनी स्वतःचा बूट त्याच्या पायात चढवला आणि एका पायात नुसता मोजा घालून निघाले. उतारावर त्यांनी आम्हा दोघांचे हात धरले. मिसरूड फुटलेली पोरं आम्ही, एरवी लाजेनं मेलो असतो. पायथ्याशी माणसं दिसली, तरी दोघांपैकी कुणीच हात सोडवून घेतला नाही.