माइकला ऐकू आलं ते

खिडकी लावून घे आधी. आणि तो मोबाईल पालथा ठेव. ऐकायचं असेल तर नीट ऐका, नाहीतर मी आपला झोपतो.

माझा साडू घरोघरी स्पीकर बसवायचं काम करतो, तुम्हाला माहीत आहे. समोर तीन, पाठीमागे दोन, कोपऱ्यात तो घुमणारा मोठा डबा. खोटं रचायची त्याला अक्कलच नाही, म्हणून सांगतोय. नोव्हेंबरची चौदा तारीख, शुक्रवार. एका फरशीवाल्या शेठच्या घरी होम थिएटर बसवायला गेला होता. शनिवारी शेठचे मित्र सिनेमा बघायला येणार, म्हणून काम त्याच रात्री उरकायचं होतं.

शेठ म्हणजे काय नमुना! साडूला बसा म्हणाला नाही, पण चपला कुठे काढायच्या ते दोनदा सांगितलं. वर म्हणे, "तुम्ही वायरवाले भिंतीला हात लावता आणि डाग पाडता." आता भिंतीला हात न लावता स्पीकर काय ह्याच्या डोक्यावर टांगायचे? पण साडू गरीब माणूस. मुकाट्यानं शिडीवर चढला.

खोली घराच्या मागच्या अंगाला. भिंतींना जाड फोम, त्यावर राखाडी कापड, दार चार बोटं जाड. साडू खूश झाला.

"खोली आधीच साउंडप्रूफ करून घेतलीत, बरं झालं."

"दोन वर्षं झाली," शेठ म्हणाला. "वडिलांसाठी केली होती. आजारी होते. आवाजाचा त्रास व्हायचा."

शेठची बायको पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभी होती. शेठ फोनवर बोलत बाहेर गेला, तशी ती हळूच म्हणाली, "मामंजींची वाचा गेली होती. काही हवं असलं की भिंतीवर ठोकायचे. तीन वेळा. त्रास ह्यांना व्हायचा."

"मग?"

"मग काय. भिंतीला फोम लावला." तिनं ग्लास खाली ठेवला. "एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर गार पडले होते. रात्रभर किती ठोकलं असेल, कोण सांगणार?"

उभ्या आयुष्यात हलकट माणसं मी पुष्कळ पाहिली. पण बापाचा आवाज बंद करायला सुतार लावणारा हा एकच. आणि वर त्याच खोलीत, पाय पसरून बसायच्या खुर्च्या मांडून, मित्रांना सिनेमा दाखवणार!

वायरी ओढून, स्पीकर टांगून पावणेबारा झाले. शेवटचं काम आवाज जुळवायचं. मधल्या खुर्चीवर छोटा माइक ठेवायचा. एकेक स्पीकर वाजतो, माइक ऐकतो, आणि कोणाला किती मोठा ठेवायचा ते मशीन ठरवतं. त्याला खोलीत पूर्ण शांतता लागते. साडूनं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: खोलीत आवाज आहे.

एसी बंद केला. पुन्हा तेच. दोघांचे फोन बंद केले. पुन्हा तेच.

"कसला आवाज?" शेठ खेकसला. "टाचणी पडली तरी ऐकू येईल इथे. मशीन भंगार आणलंस, की तुलाच काम येत नाही?"

माइक एवढं काय ऐकतोय ते बघावं, म्हणून साडूनं आपल्या पेटीतला हेडफोन जोडला. कानाला लावला.

ठक. ठक. ठक.

थांबलं.

ठक. ठक. ठक.

हेडफोन काढला. खोलीत चिडीचूप. पुन्हा लावला...

ठक. ठक. ठक.

त्यानं तो शेठपुढे धरला. "नाटकं," शेठ म्हणाला. पण घातला. कपाळावर घाम. तरी गुर्मी बघा. दरडावून म्हणाला, "बाहेर हो तू. मी बघतो. बाहेर!"

साडू पॅसेजमध्ये आला. मागे दार लागलं. बाराला पाच कमी होते. शेठची बायको तिथेच उभी होती. दाराला नुकतंच नवं पॉलिश मारलेलं, काढलेली कडी अजून परत बसवली नव्हती. कुलूप नव्हतं. नुसतं ढकललं की उघडायचं.

थोडा वेळ गेला. साडूनं ढकललं. हललं नाही. खांदा लावला. नाही. दोघांनी मिळून जोर केला. नाही. कान लावला... काही नाही.

"हाक मारू का?" साडूनं विचारलं.

"ह्या दारातून ऐकू जात नाही," ती म्हणाली. आणि दाराकडे बघत राहिली.

बारा वाजून सहा मिनिटं. दार आपोआप उघडलं.

शेठ उंबऱ्याशी पडला होता. घसा पार बसलेला. "रात्रभर... ओरडतोय," म्हणाला. "किती ठोकलं... एकालाही... ऐकू आलं नाही?"

अकरा मिनिटं झाली होती फक्त.

बायकोनं त्याला उठवलं. पाणी पाजलं.

मित्र आले नाहीत, सिनेमा झाला नाही. शेठ आहे अजून. दुकानात बसतो, माणसांवर खेकसतो. असली माणसं भुतालाही पुरून उरतात. फक्त दार लावून कुठे बसत नाही, संडासातसुद्धा नाही. हसा. हसून घ्या.

साडूनं त्या रात्री हत्यारं गोळा केली. निघताना पॅसेजमधला मोठा दिवा लावला. आणि थांबला.

दाराच्या बाहेरच्या अंगाला... बाहेरच्या, बरं का, जिथे ती दोघं उभी होती... गुडघ्याच्याही खाली, खाटेवर निजलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्याच उंचीवर...

कोऱ्या पॉलिशमध्ये तीन खळगे होते. बोटांच्या पेरांएवढे. लाकूड आत दबलेलं.