पाठमोरी डिश

तळवड्याच्या त्या तीनमजली इमारतीच्या गच्चीवर नऊ डिश होत्या. आठ शहाण्या मुलींसारख्या एकाच दिशेला तोंड करून बसलेल्या, आणि नववी... सहा फुटी, जाळीची, गंजलेली... सगळ्यांकडे पाठ करून रुसलेली. योगिनीला ते बघवेना. महाळुंग्याच्या कंपनीत ती क्वालिटीला होती. ओळीत एक नग वाकडा दिसला की तिचे हात शिवशिवायचे. इथं राहायला येऊन जेमतेम चार दिवस झालेले. पण तिनं धुण्याची बादली खाली ठेवली, ओढणी खोचली आणि ती डिश दोन्ही हातांनी फिरवून बाकीच्यांच्या ओळीत आणून ठेवली.

"अहो... अहो, हे काय केलंत!"

जिन्याच्या दारात एक उंच मुलगा उभा होता. एका हातात पाना, दुसऱ्यात चहाचा कप, आणि चेहरा पार रडवेला.

"वाऱ्यानं फिरली होती. सरळ केली," योगिनी म्हणाली.

"तीन रविवार लागले होते मला ती वाकडी करायला!"

त्याचं नाव समाधान. बुलढाण्याकडचा, चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला. नावात होतं तेवढंच समाधान. एरवी स्वारी सदा आभाळात डोळे लावून. कुदळवाडीच्या भंगारातून त्यानं ही डिश आणली होती आणि दुसऱ्याच उपग्रहांवरून लांबलांबची रेडिओ केंद्रं पकडायचा नाद लावून घेतला होता.

"मोबाइलवर मिळतं की सगळं," ती म्हणाली.

"मिळतं ना. पण मोबाइलवर मागितलं की येतं. हे... हुडकावं लागतं."

असं म्हणताना तो तिच्याकडे बघत होता. योगिनीनं उगाचच बादली उचलली, परत खाली ठेवली.

"चूक माझी आहे. मी धरते डिश. तुम्ही सिग्नल बघा."

एकट्यानं डिश लावायची म्हणजे डिश हलवायची, धावत जाऊन सिग्नलचं मीटर बघायचं, परत धावत यायचं. आज पहिल्यांदाच त्याच्या डिशला दुसरे हात मिळाले होते. त्यानं स्टुलावर बॉक्स आणि स्पीकर मांडला. हिवाळ्याचं कोवळं ऊन गच्चीभर पसरलं होतं, जाळीवरचं दव योगिनीच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं.

"उजवीकडे... किंचित... आता केसभर..."

"केसभर म्हणजे किती? मापात सांगा."

"तुमच्या केसाएवढं."

ती हसली आणि डिश हलली.

"हसू नका हो, सिग्नल जातोय!"

मग मीटरची टिकटिक एकदम वाढली, खरखर विरली, आणि एका बाईचा आवाज आला. अनोळखी भाषा, पण कानाला गोड.

"काय म्हणतेय?" योगिनीनं हळूच विचारलं.

"डोंगराकडचं केंद्र आहे कुठलंतरी." त्यानं कान टवकारले. "म्हणतेय... निळ्या ड्रेसवाल्या बाईंनी हात सोडू नये."

योगिनीच्या गालांवर ऊन चढलं. नट आवळून झाल्यावर तिनं सवयीनं ड्रेसच्या खिशातून पिवळा मार्कर काढला आणि प्रत्येक नटावरून खांबापर्यंत एक रेघ ओढली. नट तसूभर सैल झाला तरी रेघ तुटलेली दिसते. कंपनीत रोज शेकड्यांनी रेघा ओढायची ती, पण त्या दिवशीच्या तीन तिला संध्याकाळपर्यंत आठवत राहिल्या.

मग रविवारांना पंख फुटले. ती धुणं घेऊन वर यायची, तो रेडिओ लावायचा. ती बाई बोलायची आणि समाधान भाषांतर करायचा... आज कांदेपोहे छान झालेत म्हणतेय, या बाई कालपासून गप्प का म्हणतेय. सगळी शुद्ध थापेबाजी. योगिनीला ती आठवडाभर पुरायची.

पुढं एका रविवारी त्यानं भाषांतर केलंच नाही.

"कंपनी गुजरातला पाठवतेय. दोन वर्षं. बढती आहे." तो नखानं गंज खरवडत होता. "माझं तसं मन नाही. पण इथं राहायला काही कारण तर पाहिजे ना..."

तो थांबला. वाट बघत राहिला. आणि योगिनी, वाकडं दिसलं की हात घालणारी योगिनी, चादर पिळत राहिली. खाली गेल्यावर मात्र तिनं स्वतःला इतकं कोसलं की भाजी करपली.

पुढच्या रविवारी ती जिन्यात पोचते न पोचते तोच घरमालकीण गवराबाईंनी तिला हाक मारली. "अगं ए, वरचं ते पोरगं छत्री उपटाया लागलंय. गुजरातला चाललंय म्हनं. तुला ठावं न्हाई व्हय?"

योगिनी दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेली.

दोन नट सैल झाले होते. तिसऱ्यावर त्याचा पाना होता. डिश कलली होती, पिवळ्या रेघा तुटल्या होत्या, आणि स्पीकरमधून नुसती खरखर येत होती.

"पाना द्या," योगिनी म्हणाली.

"योगिनी, उद्या सकाळी मला होकार कळवायचाय..."

"द्या म्हणते ना."

तिनं डिश धरली. हळूहळू, केसभर, रेघेला रेघ भिडेपर्यंत फिरवली. एक नट आवळला. दुसरा आवळला.

"आमच्याकडं मार्किंग केलेला नट क्वालिटीला विचारल्याशिवाय कुणी खोलत नाही."

"मग विचारतो," तो अगदी हळू म्हणाला. "खोलू?"

तेवढ्यात खरखर विरली आणि ती बाई बोलू लागली, मागचंच बोलणं पुढं चालू असल्यासारखी.

"काय म्हणतेय ती?" आज त्यानं विचारलं.

योगिनीनं कान टवकारले. "म्हणतेय... जाऊ नको. मला करमणार नाही तुझ्याशिवाय."

"ती म्हणतेय?"

"नाही... मी म्हणतेय."

समाधाननं तिच्या हातातला पाना घेतला, तिसरा नट चांगला घट्ट आवळला आणि बाजूला सरकला.

"हं. कर मार्किंग."

योगिनीनं मार्कर काढला. नजर त्याच्याकडे होती, रेघ पार वाकडी आली. तिनं ती तशीच राहू दिली.