ती येतेय मागून

हसू नका रे. तुम्ही सगळे नवे, महिनाभरात निम्मे पळालेले असाल, म्हणून आजच सांगून टाकतो. ज्यांच्यावर हे गुदरलं त्यांनी खाली हॉटेलच्या लॉन्ड्रीत माझ्यापाशी बसून सांगितलंय, आणि तो माणूस थापा मारणाऱ्यातला नव्हता.

घड्याळजी म्हणायचो त्यांना. घड्याळं दुरुस्त करायचे. लग्नाच्या वाढदिवसाला दरवर्षी बायकोला घेऊन आपल्याच हॉटेलात, चौथ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत यायचे. तिथं आवराआवरीला एक मावशी होती. आपल्याकडे चादर चारी बाजूंनी घट्ट खोचायचा नियम. पण बाईंच्या पायांची आग व्हायची, म्हणून मावशी त्यांच्या बाजूची चादर पायथ्याशी मोकळी सोडायची. सुपरवायझर कितीही बोंबलला तरी. दोघींचं चांगलं सूत जुळलेलं.

गेल्या जानेवारीत, अमावस्येच्या रात्री, घड्याळजी एकटे आले. बाई पावसाळ्यात गेल्या होत्या. मूलबाळ नाही, भाऊबंद पांगलेले. तिला ओळखणारं कुणीतरी भेटावं, तिच्याबद्दल दोन शब्द बोलावं, एवढंच त्यांना हवं होतं.

इथं कोण ओळखणार? काउंटरवरची पोरगी नवी, सामान उचलणारा नवा, मॅनेजर तर आदल्याच सोमवारी रुजू झालेला. मावशीबद्दल विचारलं, तर कुणाला पत्ताच नाही. खोलीत जाऊन नुसते बसून राहिले बिचारे.

एक वाजून गेला. दारावर टकटक.

उघडलं, तर मावशी. तोच निळा गणवेश, हातावर चादर. घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. तिनं पलंगावर चादर घातली, बाईंची बाजू मोकळी सोडली. मग इकडंतिकडं बघून म्हणाली, "बाई कुठायत?"

जिला सांगायला आले, तिलाच सांगवेना. म्हणाले, "ती... येतेय मागून."

"मग थांबते. भेटूनच जाईन."

बाहेर पॅसेजमधल्या खुर्चीत जाऊन बसली. दार उघडंच.

घड्याळजी पडून राहिले. बराच वेळ गेला. खोलीतल्या उजेडात ती दिसत होती. डोळे जिन्याकडे. पापणी हलत नव्हती.

आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. बाहेरचा दिवा माणूस हलला की आपोआप लागतो. ती चालत गेली. बसली. दिवा...

लागलाच नव्हता.

दार लावून घ्यावंसं वाटलं. पण दार लावलं, तर ही बसून राहील. उद्याही. परवाही. आपल्या एका खोट्यापायी.

उठले. दारापर्यंत गेले.

"मावशी... ती नाही यायची. गेली ती."

तिनं मान वळवली. त्यांच्याकडे बघत राहिली. नुसते ओठ थरथरले...

ते पुढं झाले. दिवा लागला.

खुर्ची रिकामी.

सकाळी मीच सांगितलं त्यांना, मावशी बाईंच्याही आधी, उन्हाळ्यातच गेली, त्याच मजल्यावर, छातीत कळ येऊन. ढसाढसा रडले. भीतीनं नाही रे. म्हणाले, आता माझ्या बायकोला ओळखणारं जगात कुणी उरलं नाही.

ते गेल्यावर खोली मीच आवरली, वर जायला कुणी तयार नव्हतं. त्यांची उशी चुरगळलेली, कोरडी. बाईंच्या बाजूची उशी... कुणी डोकंही टेकलेलं नाही. पण ओलीचिंब.

त्या उशीचा अभ्रा तेव्हापासून खाली लॉन्ड्रीत दोरीवर आहे. अजून वाळलेला नाही.