दुसरी किल्ली

बँकेच्या तळघरात, लॉकरच्या खोलीत मी सत्तावीस वर्षं काढली. प्रत्येक लॉकरला दोन किल्ल्या. एक बँकेची, लाल दोरा बांधलेली, ती माझ्या कमरेला. दुसरी ज्याचा लॉकर त्याची. थरथरत्या हातांची एक निवृत्त शिक्षिका दर गुरुवारी विनवायची, "बाई, माझीही तुमच्याकडेच राहू द्या. मी कुठेतरी हरवून बसेन."

मी दरवेळी तेच सांगायचे. "किल्ली तुमच्याकडे नसेल, तर लॉकर तुमचा नाही."

आणि त्याच मी म्हातारपणी घर विकलं आणि आलेली सगळी रक्कम भाच्याच्या नादाने क्रिप्टोत घातली. भाचा म्हणजे ताईचाच मुलगा. ताई चार वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिच्या नर्सचा पगार त्या पैशांतूनच निघायचा होता.

"याची किल्ली कोणाकडे?" मी विचारलं होतं.

"कंपनीकडे, मावशी. इथे किल्ली म्हणजे बारा शब्दांचा पासवर्ड. तुला स्वतःचा चष्मा सापडत नाही, तू तो कुठे सांभाळणार?"

मी हसले. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

दोन महिन्यांपूर्वी कंपनीने पैसे काढणं बंद केलं. फोनवर रक्कम मात्र दिसत राहिली, रोज थोडी वाढतही राहिली. शेवटी भाच्याला ओढत मी त्यांच्या ऑफिसात गेले. सहावा मजला, काचेचं दार, पांढऱ्या खुर्च्या.

"पैसे सुरक्षित आहेत, मॅडम," काउंटरवरचा माणूस म्हणाला. "दिसतायत ना?"

"सोनाराच्या काचेतून दागिनेही दिसतात. घरी नेता येतात का?"

तो उठला. "मागे या."

मागच्या खोलीत पाऊल टाकलं आणि वास आला. मशीनचं तेल, ओलसर लोखंड. माझ्या तळघराचा वास, सहाव्या मजल्यावर.

"तुला वास येतोय का रे?"

"कसला? रिकामी खोली आहे, मावशी. चल, बनवतोय हा."

समोरची भिंत लोखंडी दारांची होती. खालून दुसऱ्या रांगेत एकशे बेचाळीस, कोपऱ्याला पोचा आलेला. शिक्षिकेचा.

त्या माणसाने कमरेची किल्ली काढली. तिला लाल दोरा होता. गाठ माझी होती.

किल्ली फिरवून तो आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मी राहायचे तसाच.

"तुमची किल्ली?"

"ती तुम्हीच ठेवून घेतलीत, मेल्यांनो. उघडा ते."

तो वळला नाही.

"किल्ली तुमच्याकडे नसेल, बाई, तर लॉकर तुमचा नाही."

आवाज माझा होता. चाळिशीतला.

मी दोन्ही हातांनी ते दार बडवलं. भाच्याने मला मागे खेचलं. "मावशी, भिंतीला काय मारतेस?"

ताईच्या घरी आले. उद्यापासून नर्स येणार नाही हे ताईला कसं सांगावं, ते जुळवत तिच्या उशाशी बसले. तिने माझा हात हातात घेतला, नाकाशी नेला.

"तेलाचा वास येतोय," ती म्हणाली. "आज कामावर गेली होतीस?"