काळखडकचा दिवा कोणाकडे आहे

दिवेलागणीच्या आत सांगून टाकते. नंतर मला यातलं काही बोलता येत नाही.

मी नुसता डबा द्यायला गेले होते. साईनाथ, माझा नवरा, आनंदनगर एमआयडीसीत फिटर आहे. त्या दिवशी सेकंड शिफ्टला जाताना डबा ओट्यावरच विसरला. नेहमीचंच त्याचं. त्याच्या नावाने बोटं मोडत मी संध्याकाळी चामटोलीहून रिक्षा पकडली.

त्याच्या वर्कशॉपमध्ये तेव्हा काळखडक दीपगृहाचं जुनं यंत्र दुरुस्तीला आलं होतं. तो दिवा कधीच बंद पडलाय. यंत्र संग्रहालयात जाणार होतं. माणसाहून उंच काचेचा पिंजरा, खाली दातेरी चाकं आणि फिरवायला लोखंडी हँडल. माझे सासरे, हिरामणआण्णा, तरुणपणी त्याच दिव्यावर नोकरीला होते. मी म्हटलं, "आण्णा, बघायला चला की." तर ताटावरून उठूनच गेले.

दोन दिवसांनी आपणहून बोलले. काळखडक म्हणजे भर समुद्रातला खडक. इंग्रजांच्या काळातला मनोरा. पंधरवड्याने होडी यायची, पावसाळ्यात तीही नाही. दोन माणसं, आळीपाळीने पहारा. सुटणारा विचारणार, "घेतला काय?" येणारा हँडलला हात लावून म्हणणार, "घेतला." तोवर पहिल्याने हात सोडायचा नाही. एका वादळात यंत्राची चावी तुटली आणि दिवा हाताने फिरवायची वेळ आली. हँडलवर चंदर नावाचा जोडीदार होता. आण्णांची पाळी झाली, पण मनोरा हलत होता...

"भ्यालो गं पोरी. जिना चढलोच नाही."

सकाळी चंदर हँडल धरूनच मेलेला. त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. "साईनाथला सांगू नको," आण्णा म्हणाले. मी नाही सांगितलं. सांगायला हवं होतं.

तर मी डबा घेऊन पोचले. सेकंड शिफ्टला त्या यंत्रावर तो एकटाच असायचा. मशिनी बंद. रॉकेलचा वास, आणि त्यात खाऱ्या पाण्याचा. आतून करर्र... करर्र... साईनाथ एकटाच हँडल फिरवत होता. शर्ट घामाने भिजलेला.

"अरे, जेवणार आहेस की नाही?"

"संजू... हात सुटत नाहीये."

मला वाटलं मस्करी करतोय. त्याला वेळकाळ कळत नाही. मग मनगटावरून ओघळणारं रक्त दिसलं. मी त्याची बोटं ओढली. माठासारखी गार. काचेत वात नव्हती, बल्ब नव्हता, तरी समोरच्या भिंतीवरून उजेडाचा पट्टा जात होता, फिरून परत येत होता.

त्याने सांगितलं, तीन वाजता शिफ्ट बदलताना त्याला मागून कोणीतरी विचारलं होतं, "घेतला काय?" फर्स्ट शिफ्टवाले असंच विचारतात, मग जातात. यानेही हँडलवर हात ठेवला आणि मागे न बघता सवयीने म्हणाला, "घेतला रे, जा घरी."

मी आण्णांना फोन केला. अर्ध्या तासात आले. पायात चप्पल नव्हती. दारातच थांबले, आत येईनात. माझा तोल गेला. "आण्णा, तुमचा मुलगा आहे तो."

तेव्हा ते पुढे आले. मुलाच्या हातावर हात ठेवला.

"मला विचार. घेतला काय, असं विचार."

"आण्णा, पण..."

"विचार म्हणतो ना."

साईनाथने विचारलं. आण्णा म्हणाले, "घेतला." साईनाथचा हात गळून खाली पडला.

"जा आता. उजाडेपर्यंत मी आहे."

आम्ही गेलो नाही, दाराशीच बसून राहिलो. उजाडताना करकर थांबली. आण्णा हँडलला धरूनच गेले होते. बोटं साईनाथने सोडवली, एकेक करून.

यंत्र संग्रहालयात गेलं. पण दिवस मावळला की आण्णांच्या खोलीतून हळूच आवाज यायचा, "सूनबाई... घेतला काय?" इतका दमलेला आवाज. त्यांना फोन मीच केला होता ना, माझा जीव तुटायचा. तरी उत्तर निघू नये म्हणून मी तोंडावर पदर दाबून बसायचे. शेजारी साईनाथ भिंतीकडे बघत असायचा. बाप आहे त्याचा.

तीन दिवस झाले, आवाज येत नाही. मी देवापुढे साखर ठेवली, सुटले म्हटलं आण्णा.

आज सकाळी साईनाथला चहा दिला. त्याने कप डाव्या हाताने धरला. मी बळेच त्याचा उजवा हात उघडून बघितला. तेव्हाचे फोड कधीच सुकून गेले होते.

हे ताजे आहेत.