हत्तींच्या प्रकरणापासून पुढे

अमेरिकेतल्या डुलुथमध्ये बर्फ उपसणाऱ्या गाड्यांची घरघर थांबली, की मार्लीन राउटिओ कोटांच्या कपाटात शिरून दार लावून घ्यायची. लोकरी कोटांमध्ये आवाज घुमत नाही. मांडीवर मुलांसाठी लिहिलेलं जगाच्या इतिहासाचं जुनं पुस्तक, समोर माइक. प्रकाशनाचे हक्क केव्हाच संपलेली पुस्तकं वाचून लोकांना फुकट ऐकायला देणाऱ्या मंडळात ती निवृत्तीनंतर सामील झाली होती. पैसा नाही, हारतुरे नाहीत. पण एकट्या बाईचा दिवस बरा जायचा.

तिनं वाचायचं आणि कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या व्हर्नन टक नावाच्या म्हाताऱ्या मास्तरांनी पुस्तक समोर धरून ऐकायचं, चुका कळवायच्या, अशी वाटणी. मास्तरांचे कान भारी तिखट. गिळलेला स्वल्पविरामही पकडायचे.

तिनं बर्फाचे डोंगर ओलांडणाऱ्या फौजेतल्या हत्तींचं प्रकरण पाठवलं, तेव्हा त्यांचा निरोप आला : ‘वाचन झकास. मागे मूल बोलतंय, तेवढं काढा.’

मार्लीननं पुन्हा ऐकलं. तिच्या स्वतःच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. शेजारचा टीव्ही असेल, असं समजून तिनं खरखर पुसायची सोय सगळ्या प्रकरणावरून फिरवली आणि परत पाठवलं.

‘आता ते दाराआडून आल्यासारखं वाटतंय,’ मास्तरांनी लिहिलं. ‘आणि रडतंय. आधीचंच बरं होतं.’

म्हाताऱ्याचे कान वाजतात, असं पुटपुटत तिनं सरळ फोन लावला.

“मास्तर, माझ्या घरात मूल नाही हो. मांजरसुद्धा नाही.”

“मग नातूबितू आला असेल.”

“कुणी नाही.”

“अहो बाई, उभा जन्म पोरांत काढलाय मी. पोराचा आवाज मला कळत नाही होय?” ते हसले. मग जरा रागानंच म्हणाले, “एकदा तरी उत्तर द्या की त्याला. बिचारं सारखं तेच तेच विचारतंय.”

“काय विचारतंय?”

“एवढ्या बर्फात हत्तींना मोजे कुणी विणले?”

मार्लीननं पुस्तकातलं हत्तींचं चित्र उघडलं.

कितीतरी वर्षांपूर्वी हॉस्पिटलात तिच्या मुलानं, रूबेननं, त्या चित्रावर बोट ठेवून हेच विचारलं होतं. ‘उद्या वाचू, मग कळेल,’ म्हणून तिनं पुस्तक मिटलं होतं. तो उद्या काही उजाडला नाही. रूबेन गेला, तेव्हा त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते.

मास्तरांना तिनं यातलं काही सांगितलं नाही. मात्र प्रत्येक प्रकरणानंतर ती फोन करी. “आज काय म्हणाला?”

“राजाचा घोडा कुठे गेला, म्हणून विचारत होता. बोबडं बोलतो हो जरा. दात पडलेत का?”

ती हेडफोन कानांवर दाबून तासन्‌तास ऐकत बसे. दूरच्या परक्या माणसाला लेकरू ऐकू यावं आणि जन्म दिलेल्या बाईला येऊ नये, याहून वाईट ते काय? पुस्तक संपलं की तेवढंही जाणार, म्हणून ती वाचायची टाळाटाळ करू लागली. कधी घसा बसला, कधी माइक बिघडला.

“बाई, चालढकल पुरे,” एकदा मास्तर म्हणाले. “मागच्या प्रकरणात तो विचारत होता, अजून किती राहिलंय. फार दमल्यासारखा वाटला.”

त्याच दुपारी ती कपाटात बसली. शेवटचं प्रकरण तिनं सावकाश वाचलं. मधे मधे थांबून तिनं त्याच्या राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. घोडा मेला, बाळा. मोजे कुणीच विणले नाहीत. मला कळलं असतं, तर मी विणले असते.

मास्तरांचा फोन यायला वेळ लागला.

“मधली उत्तरं कापायला सांगायला हवं,” ते म्हणाले. “पण मी सांगणार नाही.”

“तो काय म्हणाला?”

“काही नाही. ऐकत असावा.”

तिनं फोन कानाशी घट्ट धरला.

“फक्त शेवटी,” मास्तर म्हणाले, “नियमाप्रमाणे आपण थोडी शांतता सोडतो ना, तिथे एक बाई त्याला हाक मारते.”

“मी तिथे काही बोलले नाही.”

“तुमचा आवाज नव्हेच तो. वेगळीच कुणीतरी.” मास्तरांनी खाकरून घसा साफ केला. “आणि तो म्हणाला, ‘आलो, आई.’”